नर्मदाबाईची नजर

नर्मदाबाईला गावातली माणसं तोंडावरून ओळखू यायची नाहीत, पायांवरून यायची. तलाठ्याचे काळे बूट, सरपंचाच्या करकरणाऱ्या चपला, शेजारच्या पार्वतीबाईच्या टाचेला पडलेली आडवी भेग, आणि मुलाच्या, बालाजीच्या पायावर कायम असलेले ऑइलचे डाग. त्याचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं. वारंगा फाट्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या त्या गावात कोण कुठं चाललंय हे तिला बरोबर कळायचं. पण कोणाच्या मिशा पिकल्या आणि कोणाचे दात पडले, हे काही तिला सांगता आलं नसतं. एकेचाळीस वर्षं तिनं मान वर करून जिवंत माणसाच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं.

लोक म्हणायचे, बाई मोठी मर्यादशील. लोकांचं काय, खाली मान घातलेली बाई दिसली की ते खूश असतात. कारण विचारायची तसदी कोण घेतो?

कारण होतं. नर्मदाबाई लग्न होऊन या गावात आली त्याला वर्षही झालं नव्हतं. सकाळची आडावरून पाणी घेऊन येत होती. डोक्यावर एकावर एक दोन घागरी, डाव्या काखेत कळशी, उजव्या हातानं वरची घागर धरलेली. पार्वतीबाई तेव्हा एकवीस-बावीसची. ती आपल्या ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि पायावर तिचं पहिलं पोरगं, तीन महिन्यांचं, तेलानं चोपडलेलं. पोरगं नर्मदाबाईकडं बघून हसलं. ही थांबली, हसली आणि बोलून गेली, "किती देखणं लेकरू गं बाई!"

असं बोललं की पुढचं काम हातांचं असतं. दोन्ही हात लेकरावरून उतरवायचे, आपल्या कानशिलावर न्यायचे आणि बोटं कडाकडा मोडायची. म्हणजे आपली नजर लेकराला लागत नाही, असेल ते आपल्या डोक्यावर येतं. हे कुणाला शिकवावं लागत नाही. तोंडातून कौतुक निघालं की बायकांचे हात आपोआप उठतात.

पण नर्मदाबाईचे हात रिकामे नव्हते. ती हसली आणि घागरी सांभाळत घरात गेली. तिसऱ्या दिवशी लेकरू तापानं गेलं.

पार्वतीबाई काहीच बोलली नाही. बोलली ती नर्मदाबाईची सासू, चुलीसमोर बसून, भाकरी थापताना. "काहून गं, घागरी खाली ठेवायला काय झालतं तुला? बोटं मोडायला किती येळ लागतो?" एवढंच. पुन्हा तिनंही कधी विषय काढला नाही. पण नर्मदाबाईला तेवढं पुरलं. आपली नजर वाईट आहे असं तिला गावानं कधी सांगितलं नाही. तिनं स्वतःच ठरवलं आणि स्वतःच शिक्षा घेतली. दुसऱ्या दिवसापासून तिची मान खाली गेली.

आता असं ठरवणं सोपं, पण आपल्याकडं नजरेवाचून पान हलत नाही. तलाठी बांधावर उभ्या उभ्या नजर पाहणी करतो आणि सोयाबीन किती बुडालं ते कागदावर चढवतो. हळदीचे ढीग घातले की कुत्री-शेरडं येऊ नयेत म्हणून कोणीतरी नजर ठेवायला बसतं. पोरगी पाहुण्यांच्या नजरेत भरावी लागते, पोरगा फाट्यावर रेंगाळायला लागला की तो बापाच्या नजरेतून उतरतो. तिचा नवरा विश्वंभर तर हळद शिजली की नाही ते कढईपासून दहा हात लांब उभा राहून नुसत्या नजरेनं सांगायचा, आणि पंचक्रोशीतले लोक त्याला त्यासाठी बोलवायचे. घरात दिवसातून वीसदा तो शब्द निघायचा. सुरुवातीला दरवेळी तिच्या छातीत काहीतरी टोचायचं. चार-पाच वर्षांनी टोचायचं बंद झालं.

टोचणं बंद झालं तसं बाकीचंही हळूहळू बंद झालं. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. बालाजी झाला तेव्हा ती त्याच्यावर पदर झाकून दूध पाजायची. लोकांना वाटायचं, लाजते. तो चालायला लागला, शाळेत गेला, दहावीला नापास झाला, दुकान टाकलं. हे सगळं तिनं त्याच्या पायांच्या मापानं बघितलं. आनंद होत नव्हता असं नाही. तो कुठंतरी लांब व्हायचा, दुसऱ्याच्या घरात लग्न असावं तसा.

नऊ वर्षांपूर्वी विश्वंभर गेला. बायका म्हणाल्या, शेवटचं तोंड बघून घे. मेलेल्याला नजर लागत नाही, म्हणून त्या दिवशी तिनं त्याच्याकडं पोटभर बघितलं. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. वरच्या ओठावर एक व्रण होता, तो कधी झाला हे तिला माहीत नव्हतं. हा माणूस कधी म्हातारा झाला, असं तिच्या मनात आलं. रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, रडू द्या गं तिला, नाहीतर जिवाला लागंल. पण रडू आणायचं कुठून?

मग घरात सून आली. शिवकन्या. हट्ट्याची, बारावी शिकलेली, तोंडानं फटकळ पण हातानं मायाळू. लग्नात नर्मदाबाईनं तिचेही पायच बघितले, मेंदी लावलेले, उजव्या अंगठ्यावर जुनी जखम असलेले. आणि तीन वर्षांनी प्रियंका झाली. घरात तिला पिऊ म्हणायचे. तिचंही नर्मदाबाईनं आधी पाऊलच बघितलं. डाव्या पायाचं चौथं बोट करंगळीवर चढलेलं होतं, थेट विश्वंभरसारखं. त्या बोटाकडं ती किती वेळ बघत बसली होती. पण त्याच्या वर काही बघितलं नाही. पोरीला न्हाऊ घालायला तिनं पार्वतीबाईला बोलावलं. स्वतः पाणी तापवून द्यायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची.

शिवकन्येच्या हे लक्षात यायला चार महिने लागले. तिनं खोदून खोदून सासूकडून कारण काढून घेतलं आणि मग ती भडकली. "आत्या, असं काय नसतंय. लेकराला ताप आला आन् ते गेलं. तवा दवाखाना तरी व्हता का जवळ? तुमी पिऊकडं डोळे भरून बघा, मला कायबी वाटत न्हाई."

"व्हय बाई," नर्मदाबाई म्हणायची, आणि सुनेच्या अंगठ्यावरच्या जखमेकडं बघत राहायची.

पिऊ दोन वर्षांची झाली तेव्हा नर्मदाबाईला अंगण धुरकट दिसायला लागलं. मोतीबिंदू. आधी उजव्या डोळ्यात, मग डाव्यात. बालाजी म्हणाला, "माय, आपरेशन करू, तासाभराचं काम हाय." ती म्हणाली, "पिकू दे आधी." जुनी माणसं असंच म्हणत आली होती, मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत. आता तसं काही राहिलेलं नाही, हे बालाजीनं दहादा सांगितलं. तिनं दहादा ऐकलं आणि दहादा तेच सांगितलं.

खरी गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. एक दिवस पिऊ धडपडत येऊन तिच्या मांडीवर चढली आणि सवयीनं नर्मदाबाईनं मान वळवली. मग तिला कळलं की वळवायची गरजच नाही. समोर नुसतं पांढरं धुकं होतं, त्यात एक काळसर गोळा. त्या गोळ्याला नाक नव्हतं, डोळे नव्हते. ज्याला तोंडच दिसत नाही त्याची नजर कशी लागेल? तिनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका लेकराकडं सरळ तोंड केलं. हातांनी तिचे गाल चाचपले. नाक चाचपलं. नाक बसकं होतं, माहेरच्या माणसांसारखं. पिऊनं तिची बोटं तोंडात घातली आणि चावली. नर्मदाबाई मोठ्यानं हसली. शिवकन्या चुलीजवळून उठून बघायला आली, काय झालं म्हणून.

पुढचं दीड वर्ष तिचं तसं गेलं. बालाजी आपरेशनचं काढायचा, ही "पिकू दे" म्हणायची, आणि आतून ते लवकर पिकावं, सगळंच पांढरं व्हावं, अशी वाट बघायची. उजवा डोळा दुखायचा, लाल व्हायचा, ती पदराचा बोळा तोंडाच्या वाफेनं गरम करून शेकायची आणि कुणाला बोलायची नाही. डोळ्याच्या बदल्यात नात मिळत होती. तिला हा सौदा स्वस्तातला वाटत होता.

फेब्रुवारीत हळद निघाली. शेतात हळद शिजवायची मशीन आली होती, तांड्यावरचा वसराम ती ट्रॅक्टरला लावून गावोगाव फिरवायचा. शिवकन्या बायकांबरोबर ओल्या हळदीचे गड्डे मोडत होती. आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळच्या, बाभळीखाली गोणपाट टाकून तिनं सासूला बसवलं आणि पिऊला तिच्याजवळ सोडलं.

"आत्या, हिच्यावर नजर ठेवा. मशीनकडं जाऊ देऊ नका."

"जा तू. हाय मी," नर्मदाबाई म्हणाली.

नजर तिनं कानांनी ठेवायची, ही घरातली ठरलेली रीत झाली होती. पिऊच्या पायात घुंगराचे पैंजण होते, मुद्दाम त्यासाठीच घेतलेले. घुंगरू डावीकडं वाजले की पोरगी डावीकडं. थांबले की हाक मारायची. त्या दिवशी घुंगरू छान वाजत होते. बाभळीभोवती फिरत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा उड्या मारत होते. नर्मदाबाई अधूनमधून म्हणत होती, "पिऊ, पडशील गं." घुंगरू जवळ आले. तिनं हात पुढं केला आणि तिच्या हाताला केस लागले. राठ, आखूड. मग थंड ओलं नाक. मग करडाचं बेंबाटणं.

पिऊनं आपले पैंजण काढून शेळीच्या करडाच्या पायात अडकवले होते.

नर्मदाबाईनं हाका मारल्या. आवाज मशीनच्या फटफटाटात बुडून गेला. ती उठली, कुठल्या बाजूला जावं ते कळेना, म्हणून तिथंच उभी राहून गोल फिरत ओरडत राहिली. शेवटी बायकांपैकी कुणाच्या तरी लक्षात आलं. शिवकन्या धावत सुटली. बांध, ऊस, कडब्याची गंजी. नर्मदाबाईला फक्त धावणाऱ्या पायांचा आवाज येत होता, आणि पहिल्यांदाच ते पाय कोणाचे हे तिला ओळखता येत नव्हते.

पोरगी वसरामला सापडली. तो मशीनला पाणी आणायला विहिरीवर गेला होता. खांद्यावर बसवून घेऊन आला. "कठड्यावर बसली होती बाई, पाय आत सोडून," तो शिवकन्येला म्हणाला. "ढेकळं टाकून राहिली होती पाण्यात. मी दुरून हाक न्हाई मारली, दचकंल म्हणून. मागून जाऊन धरली."

शिवकन्येनं पोरीला छातीशी धरलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला. सासूला ती काहीच बोलली नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वी पार्वतीबाईही काही बोलली नव्हती. नर्मदाबाई गोणपाटावर बसली. करडू तिच्याजवळ घुंगरू वाजवत फिरत होतं. तिचे हात मांडीवर दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून राहिले. तिला एवढंच स्पष्ट कळलं की बघितलं तरी लेकरू जातं आणि नाही बघितलं तरी जातं.

संध्याकाळी बालाजी दुकानावरून आला. ती त्याच्या पायांच्या दिशेनं म्हणाली, "कवा हाय म्हणला व्हतास ते शिबिर?"

शिबिर आखाडा बाळापूरला होतं. तिथं डोळे तपासले, चिठ्ठ्या दिल्या, आणि ज्यांचं आपरेशन करायचं त्यांना दुसऱ्या दिवशी गाडीत घालून नांदेडला नेलं. पार्वतीबाईलाही मोतीबिंदू होता, म्हणून दोघी एकाच बाकावर बसल्या. पार्वतीबाई आता त्रेसष्टची, चार पोरांची माय, तोंडात कायम सुपारी. गाडी कळमनुरीच्या रस्त्याला न जाता फाट्याकडं वळली तशी ती आपली बोलायला लागली. कोणाची सून, कोणाची म्हैस. बोलता बोलता तिला आपलं पहिलं पोरगं आठवलं.

"तुला आठवतंय का गं? तू पाणी घेऊन चालली व्हतीस आन् ते हसलं व्हतं."

नर्मदाबाईनं मान हलवली.

"लई तकलीफ झाली बघ त्याला. तू आलीस त्याच्या आधीपासूनच दोन दिस अंग तापत व्हतं. म्हणून तर तेल चोळून राहिले व्हते मी उनात. म्हणलं उतरंल." पार्वतीबाईनं सुपारी दुसऱ्या गालात घेतली. "तूच एक म्हणलीस त्याला देखणं. बाकी कुणी म्हणलं न्हाई. काळं व्हतं ना. मला लई बरं वाटलं व्हतं."

गाडी खड्ड्यातून गेली आणि दोघी एकमेकींवर आपटल्या. एवढी वर्षं दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत होती. हे वाक्य त्या भिंतीपलीकडं पडून होतं आणि हिनं कधी विचारलं नव्हतं. तिला राग यायला पाहिजे होता, निदान स्वतःचा. ती त्याची वाट बघत राहिली. नांदेड आलं तरी तो आला नाही.

डॉक्टर तरुण होता. उजव्या डोळ्यात बॅटरी टाकून त्यानं पुन्हा पुन्हा बघितलं. "आजी, हा डोळा दुखत नव्हता का?"

"दुखायचा."

"मग सांगितलं का नाही? आत दाब वाढून नस वाळून गेली. याचं आता काही होणार नाही. डावा करू, डावा चांगला होईल."

तिनं "बरं" म्हटलं. बालाजीच शेजारी उभा राहून रडला. तो रडतोय हे तिला त्याच्या नाकाच्या आवाजावरून कळलं, आणि मोठ्या माणसाला रडताना बघायला नको म्हणून तिनं सवयीनं मान आणखी खाली घातली.

दोन दिवसांनी दुपारी ती घरी आली. डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता. दवाखान्यातून निघताना डॉक्टरनं बालाजीला आणि तिला दोघांनाही बजावलं होतं, आठ दिवस डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. ती ओट्यावर बसली आणि तिनं चष्मा काढला. अंगण एवढं स्वच्छ होतं की तिला ते कुणा दुसऱ्याचं वाटलं. खड्यांना कडा होत्या. मुंग्यांची रांग दिसत होती.

"पिऊ, आजी आली बघ," आतून शिवकन्येचा आवाज आला.

पायांपासून सुरुवात झाली. करंगळीवर चढलेलं बोट, घोट्यावर पैंजणाचे वळ, गुडघ्याला खपली, हिरव्या फ्रॉकची निघालेली शिवण. नर्मदाबाईची नजर तिथं थांबली. मग तिनं मान उचलली. मानेला त्याची सवयच नव्हती, ती दुखली.

बसकं नाक होतं. बोटांनी सांगितलं होतं तसंच. दात किडलेले, केस भुरे, डोळे मोठे मोठे. आणि कपाळाच्या मधोमध काजळाचा टिळा होता. तीट असते तेवढा नव्हे. रुपयाएवढा, दाट, दोनदा फिरवून लावलेला. डाव्या कानामागं दुसरा. दोन्ही तळपायांना तिसरा आणि चौथा असणार, हे तिला न बघता कळलं.

या घरात काजळाची डबीच नव्हती. काजळ घालू नका असं नर्सबाईंनी सांगितलं म्हणून शिवकन्येनं पोरीला कधी काजळाचं बोट लावलं नव्हतं.

"आईनं लावलं," पिऊ म्हणाली. "तू बघणार हाईस म्हणून."

शिवकन्या दाराच्या चौकटीत उभी होती. नर्मदाबाईनं तिचंही तोंड पहिल्यांदाच बघितलं. गोल, घामेजलेलं, तिला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच लहान पोरीचं. शिवकन्येनं मान खाली घातली आणि सासूच्या पायांकडं बघत राहिली. ही मान नर्मदाबाईच्या चांगली ओळखीची होती.

तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आतमध्ये सगळं तसंच, बधिर. फक्त ती खाली गेलेली मान तिला बघवेना.

"बरं केलंस बाई," ती म्हणाली. "मीबी लावलं असतं. वर बघ आता. वर बघ म्हणते ना."

शिवकन्येनं वर बघितलं.

मग नर्मदाबाईनं पिऊला जवळ ओढलं, तिच्या तोंडाकडं नीट, सावकाश, एका डोळ्यानं बघितलं आणि एकेचाळीस वर्षांपूर्वीचंच वाक्य म्हणाली, "किती देखणं लेकरू गं बाई!" आणि दोन्ही हात पोरीच्या डोक्यावरून गालांवरून उतरवत आपल्या कानशिलावर नेले आणि दाबले. म्हाताऱ्या बोटांची सगळी पेरं एकदम वाजली. पिऊ खिदळली. "अजून एकदा," ती म्हणाली.

नर्मदाबाईनं हात खाली घेतले आणि त्यांच्याकडं बघितलं. त्यात घागर नव्हती, कळशी नव्हती, काहीच नव्हतं. डॉक्टरनं डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून एवढं बजावलं होतं, पण ते काही तिला पाळता आलं नाही.